जुन्या वळणाचं अक्षर

गेल्या अंकात बोलता बोलता मी इंग्रजीतल्या 'ओल्ड स्टाइल' अक्षरांचा उल्लेख केला होता. त्यावर सात पत्रं आली. छपाईच्या सदराला सात पत्रं म्हणजे जत्राच! त्यांतली सहा खाली घेतली आहेत. सातव्यात एका गृहस्थांनी आपल्या कविता कोण छापील असं विचारलंय; त्यांना वेगळं पोस्टकार्ड टाकलंय.

प्रश्न (फोंडा) : आईच्या आठवणींचं पुस्तक छापतोय. मराठीत १८० पानं, मधूनमधून तिला आलेली पोर्तुगीज पत्रं आणि थोडे इंग्रजी उतारे. डीटीपीवाल्याने रोमन लिपीतला सगळा मजकूर टाइम्समध्ये टाकलाय. माझा भाचा म्हणतो, 'ओल्ड स्टाइल सेरिफ' घ्या, गॅरामाँडसारखा. डीटीपीवाला म्हणतो, काही फरक पडत नाही. पडतो का? आणि हे ओल्ड स्टाइल म्हणजे नक्की काय?

उत्तर : भाचा बरोबर बोलतो, आणि डीटीपीवालाही अगदीच चुकत नाही. चार ओळींच्या उताऱ्यात फरक जाणवणार नाही. पण पत्रं पान-दीड पानाची असतील, तर तिथे जाणवेल. वाचणाऱ्याला काय जाणवलं ते सांगता येणार नाही, एवढंच. तो न अडखळता वाचत जाईल.

सतराव्या वर्षी मी म्हापशाच्या एका छापखान्यात जुळारी म्हणून लागलो. खिळे म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, आणि ती जुळवून ओळी लावतो तो जुळारी. तिथे इंग्रजी खिळ्यांच्या दोनच जाती आम्हाला ठाऊक होत्या, पायवाली आणि बिनपायाची. कॅपिटल 'आय'च्या वरखाली ज्या आडव्या पट्ट्या असतात, ते पाय. त्यालाच सेरिफ म्हणतात. पायवाल्यांतही घराणी असतात हे मला फोरमननी शिकवलं. एका दुपारी त्यांनी भिंग हातात दिलं, दोन वेगवेगळ्या खिळ्यांचे स्मॉल 'ओ' कागदावर उमटवले आणि विचारलं, "खंय बारीक, खंय जाड, सांग."

तुम्हीही करून पाहा. 'ओ' म्हणजे घड्याळाची तबकडी समजा. बोदोनी नावाच्या अक्षरात 'ओ' बरोबर बारा वाजता आणि सहा वाजता बारीक होतो, अगदी केसाएवढा, आणि दोन्ही बाजूंना जाड. गॅरामाँडमध्ये तो अकराच्या सुमारास आणि पाचच्या सुमारास बारीक होतो. म्हणजे अक्षराचा कणा किंचित डावीकडे कललेला. का, तर चपट्या टोकाची लेखणी तिरपी धरून कागदावर 'ओ' काढला की तो असाच उतरतो. खिळा पोलादात कोरला, शिशात ओतला, तरी हाताचा तो कल गेला नाही. ओल्ड स्टाइलची सगळी ओळख या कलात आहे. मराठीत आपण हस्ताक्षराला 'वळण' म्हणतो आणि आजीच्या रीतीभातीलाही 'जुन्या वळणाची' म्हणतो. या अक्षराला दोन्ही अर्थ लागू पडतात, म्हणून मी त्याला जुन्या वळणाचं अक्षर म्हणतो.

बाकीच्या खुणा ओघानेच येतात. जाड-बारकातला फरक बेताचा. पाय दांड्याला काटकोनात ठोकून दिलेला नसतो. खांबाच्या बुडाशी गिलावा चढवावा तसा तो गोलाईने दांड्यात मिसळतो. स्मॉल अक्षरांच्या डोक्यावरचा पाय तिरपा, टाक टेकवताना होतो तसा. 'एच', 'एल' यांचे दांडे कॅपिटलांच्याही वर जातात. स्मॉल अक्षरांची पोटं मात्र लहान असतात, आणि तुमच्या कामाला ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. तिच्याकडे परत येतो.

इतिहास थोडक्यात सांगतो. १४७० मध्ये व्हेनिसला निकोला जेन्सनने असे खिळे केले. त्यांतल्या स्मॉल 'ई'ची मधली रेघ तिरपी चढती होती. १४९५ च्या सुमारास त्याच गावात आल्दुस मानुत्सिओ या प्रकाशकासाठी फ्रांचेस्को ग्रिफोने खिळे कोरले, त्यांत ती रेघ आडवी झाली. पॅरिसच्या क्लोद गारामाँने (गॅरामाँड हे नाव त्याच्यावरूनच) तीच वाट आणखी घोटली. तो १५६१ मध्ये वारला. लंडनमध्ये विल्यम कॅस्लनचं नमुनापत्रक १७३४ चं. अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा पहिल्यांदा छापला गेला तो कॅस्लनच्याच खिळ्यांत. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस बोदोनी आणि दिदो आले आणि लेखणी सुटली.

आता टाइम्स. लंडनच्या त्याच नावाच्या दैनिकासाठी १९३२ मध्ये तो स्टॅन्ले मॉरिसन यांच्या देखरेखीखाली झाला. कणा जुन्या वळणाकडे झुकणारा, पण अंग आवळून घेतलेलं, कारण वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यात जास्तीत जास्त शब्द बसवायचे होते. अक्षर वाईट नाही. पुस्तकाच्या रुंद ओळीत मात्र ते घाईत असल्यासारखं दिसतं. आईच्या पत्रांना कसली घाई?

गॅरामाँड घ्यायचा तर एक घोळ आधी समजून घ्या. त्या नावाने विकले जाणारे सगळेच गारामाँचे नाहीत. वर्डबरोबर जो 'गॅरामाँड' येतो, तो मुळात झाँ जानोंच्या खिळ्यांवरून केलेला आहे, आणि हा जानों गारामाँनंतर पन्नासेक वर्षांनी आला. फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात ते खिळे गारामाँच्या नावावर खपून गेले होते. १९२६ मध्ये बिआट्रिस वॉर्ड या बाईंनी चूक दाखवून दिली, तीही पॉल बोजों हे पुरुषी टोपणनाव घेऊन. जानोंचं अक्षर जरा नाचरं आहे, कॅपिटलांचा कल एकसारखा नाही. मला आवडतं, पण शोकाच्या मजकुराला मी ते वापरणार नाही. तुम्ही 'ईबी गॅरामाँड' घ्या. तो फुकट मिळतो, १५९२ च्या एका जर्मन नमुनापत्रकावरून केलेला आहे आणि पोर्तुगीजची सगळी चिन्हं त्यात आहेत. चिन्हं तपासायला पोर्तुगीजमध्ये 'कोरासांव' हा एकच शब्द टाइप करा. हृदय या अर्थाच्या त्या शब्दात 'सी'खालचं शेपूटही येतं आणि 'ए'वरची नागमोडी रेघही. दोन्ही नीट उमटली आणि शेजारच्या अक्षरांच्याच वळणाची दिसली, तर फॉन्ट चालेल. चिन्ह दुसऱ्याच फॉन्टमधून उसनं आलं असेल तर लगेच ओळखू येतं. कपाळावर दुसऱ्याचं कुंकू!

आता पोटांची गोष्ट. तुमची मराठी १४ पॉइंटात असेल, तर तिच्या शेजारी टाइम्स ११ ला बसतो. गॅरामाँडची पोटं लहान, म्हणून तो १२ किंवा साडेबारा लागतो. डीटीपीवाला फॉन्ट बदलेल आणि आकडा ११ च ठेवील. मग पत्रं बारीक दिसतील आणि दोष गारामाँच्या माथी जाईल.

आणखी एक सांगतो, माझ्या चुकीतून शिकलेलं. २००३ मध्ये एका देवस्थानाची स्मरणिका मी केली. इंग्रजी विभागाला हौसेने बेंबो लावला, ग्रिफोच्या खिळ्यांवरून केलेलं अक्षर. कागद चकचकीत आर्ट पेपर. छापून आल्यावर अक्षरं इतकी रोड दिसत होती, की एकादशीला धरल्यासारखी. शिशाचा खिळा कागदात दाबला की शाई कडेला थोडी पसरते आणि अक्षर भरतं. कोरणारा ते धरूनच बारीक कोरायचा. संगणकावर आणताना ते कोरलेलं रूप तसंच उचललं, आणि ऑफसेटमध्ये शाई तेवढी पसरत नाही. बेंबोबद्दल ही तक्रार जगभर होती. पुढे 'बेंबो बुक' म्हणून भरलेली आवृत्ती काढली गेली, पण तोवर माझ्या हजार प्रती वाटून झाल्या होत्या. तेव्हा आर्ट पेपर नको. साधा नॅचरल शेडचा मॅपलिथो घ्या आणि सगळं ठरवण्याआधी एक पान त्याच कागदावर छापून मागा. पडद्यावर पाहून हो म्हणू नका.

प्रश्न (पणजी) : मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे. भारतातली पहिली छपाई गोव्यात १५५६ मध्ये झाली असं शिकवतात. ती याच अक्षरांत झाली का? आणि मराठी पुस्तकं रोमन लिपीत का छापली?

उत्तर : बाय, छान प्रश्न विचारलास. ते यंत्र खरं तर अॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचं होतं. वाटेत गोव्यात उतरलं आणि इथलंच झालं. ओल्ड गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात ते बसवलं, चालवणारा बुस्तामांत नावाचा मुद्रक. त्या काळी युरोपात खिळ्यांची मोठी घराणी दोनच, टोकदार काळं गॉथिक आणि हे लेखणीच्या वळणाचं रोमन. बोदोनी जन्मायला अजून पावणेदोनशेहून जास्त वर्षं होती. म्हणजे आपल्याकडे आलेले रोमन खिळे जुन्या वळणाचे असण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते तेव्हा 'जुने' नव्हते. ते नवेच होते!

१५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक गोव्यात छापलं गेलं. पोर्तुगीज महाकवी लुईश द कामोंइशची पहिली छापील कविता त्यातच आहे. आणि मुद्रणदोष किती, तर त्याचं शुद्धिपत्रच पानंच्या पानं चालतं. मला त्या जुळाऱ्याबद्दल फार आपुलकी वाटते. परक्या मुलखात, परक्या हवेत, ओर्ताने लिहिलेली झाडपाल्याची नावं अर्धी अरबी, अर्धी आपली. आमच्या वेळीही जूनपासून सरसाचे रूळ फुगायचे, कागदाला लाटा यायच्या आणि शाई वाळता वाळायची नाही. त्याच्याकडे तर पंखाही नव्हता.

तुझा दुसरा प्रश्न थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रींनाही छळत होता. त्यांचं ख्रिस्तपुराण रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. त्याआधी १६०८ मध्ये त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहून कळवलं होतं, की या देशाच्या लिपीत पुस्तकं छापावीत ही माझी कितीतरी वर्षांची इच्छा आहे. अडचण अशी, की युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे सहाशेच्या घरात लागतील. हा आकडा वाचला की जुळाऱ्याला हसू येत नाही. इंग्रजी जुळवायला आमच्यासमोर दोन केसी, म्हणजे खिळ्यांसाठी घरं पाडलेले ट्रे, असायच्या. वरच्या केसीत कॅपिटल, खालच्या केसीत स्मॉल, म्हणून तर इंग्रजीत त्यांना 'अपर' आणि 'लोअर केस' म्हणतात. मराठीला चार केसी लागायच्या, शिवाय जोडाक्षरांसाठी उठून मागच्या मांडणीकडे जावं लागायचं.

मग स्टीफन्सनी आहे त्या खिळ्यांतच मराठी बसवली. 'श'साठी पोर्तुगीजांसारखं 'एक्स'. टवर्गाला अक्षर दुप्पट. त्यामुळे काय होतं हे मी अनुभवलंय. फाउंड्रीतून इंग्रजी खिळ्यांचा संच यायचा त्यात 'ई' सगळ्यात जास्त, कारण इंग्रजीत 'ई' सगळ्यात जास्त लागतो. आमच्या शेजारच्या वाड्यांवरून रोमी कोंकणीतल्या मृत्यूच्या सूचना यायच्या. दुसऱ्याच परिच्छेदात 'ए'चं घर रिकामं आणि 'ई' पडून. मग अर्धी सूचना छापायची, खिळे सोडवायचे आणि उरलेली जुळवायची. रायतूरच्या जुळाऱ्याचं याहून वेगळं झालं असेल असं वाटत नाही. १६१६ ची छापील प्रत आज कुठे राहिलेली नाही, नाहीतर मी पहिल्यांदा त्यातले 'ए' मोजले असते. १९०७ ला मंगळूरहून निघालेली रोमन आवृत्ती मात्र बघण्यासारखी आहे.

आणि परीक्षा संपली की ओल्ड गोव्याला सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जा. छताकडे नको, खाली बघ. फरशी म्हणजे कबरींचे दगड आहेत, वर्षानुवर्षं पायांखाली झिजलेले. त्यांवर कोरलेली कॅपिटल अक्षरं बघ. 'यू'च्या जागी 'व्ही', जागा कमी पडली की एक अक्षर दुसऱ्याच्या पोटात घातलेलं. जुन्या वळणाच्या फॉन्टांनी कॅपिटल घेतली ती रोमन शिलालेखांतून आणि स्मॉल अक्षरं घेतली लेखणीतून. दगड आणि टाक असं ते लग्न आहे.

प्रश्न (म्हापसा) : नवी बेकरी काढतोय. पाटीवर नाव ओल्ड स्टाइलमध्ये कापून घ्यावं म्हणतो, जुन्या गोव्याचा फील येईल. कसं वाटतं?

उत्तर : नको. स्मॉल अक्षरांची पोटं लहान, स्कूटरवरून जाणाऱ्याला वाचताच येणार नाहीत. अॅक्रिलिकमध्ये कापली तर पायाच्या निमुळत्या टोकांना पहिल्याच पावसाळ्यात चिरा जातील. हट्टच असेल तर फक्त कॅपिटल घ्या आणि दोन अक्षरांत ऐसपैस जागा सोडा. कॅपिटल मुळात दगडासाठीच होती, ती पाटीवर टिकतात. स्मॉल अक्षरं पावाच्या पिशवीवर छापा, तिथे शोभतील. आणि 'जुन्या गोव्याचा फील' पाटीने येत नाही. पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की तो आपोआप येतो.

प्रश्न (डिचोली) : मुलीच्या लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत तारीख आणि फोन नंबर वरखाली झालेत. काही आकडे ओळीखाली लोंबतात, काही बुटके राहिलेत. छापखानावाला म्हणतो, फॉन्टच तसा आहे. व्याही विचारतात, पत्रिका तिरकी छापली का? पैसे परत मागू का?

उत्तर : मागू नका. छापखानावाला खरं बोलतोय, फक्त त्याने आधी सांगायला हवं होतं. हे जुन्या वळणाचे आकडे. शून्य, एक आणि दोन हे स्मॉल 'एक्स'एवढे बुटके. सहा आणि आठ डोकं वर काढतात. तीन, चार, पाच, सात, नऊ ओळीखाली पाय सोडून बसतात. स्मॉल अक्षरांतही काही वर जातात, काही खाली, तसेच हे. मजकुरात साल आलं तर ते शब्दांत मिसळून जातं, डोळ्याला टोचत नाही. सगळे आकडे कॅपिटलएवढे उंच करण्याची रीत मागाहून रुळली, हिशेबाच्या तक्त्यांना ती सोयीची म्हणून.

तुमच्या पत्रिकेत चूक फॉन्टची नाही, जागेची आहे. तारीख स्वतंत्र ओळीत, कॅपिटल अक्षरांच्या शेजारी आली, तिथे उंच आकडे हवे होते. फोन नंबरला तर हवेतच. दहा आकडे एका उंचीचे असले की सांगताना चूक होत नाही. बहुतेक चांगल्या फॉन्टांत दोन्ही संच असतात. इनडिझाइन या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये ओपनटाइपच्या यादीत 'लायनिंग' निवडलं की काम झालं. मॅथ्यू कार्टर यांचा जॉर्जिया हा फॉन्ट जवळपास प्रत्येक संगणकावर असतो, त्यातही आकडे असेच नाचतात. व्याह्यांना त्यात त्यांचा स्वतःचा फोन नंबर टाइप करून दाखवा. पत्रिका वाटून टाका. लग्नाला येणारे आकड्यांचे पाय बघत नाहीत, जेवणाची वेळ बघतात.

प्रश्न (वाळपई) : आपण मराठी मासिकात इंग्रजी अक्षरांची एवढी कौतुकं करता. देवनागरीला काही परंपरा नाही का? की तिला पाय नाहीत म्हणून ती मागास?

उत्तर : रागावलात, बरं वाटलं. मास्तर असाल तर तुमच्याकडे बोरू नक्की असेल, किंवा माळ्यावर तरी असेल. तो काढा. आपल्या बोरूचं टोक कापतात ते इंग्रजी टाकाच्या उलट्या तिरक्यात. त्या बोरूने 'व' काढा आणि मघाची घड्याळाची तबकडी लावा. इंग्रजी 'ओ' अकरा आणि पाच वाजता बारीक होतो. आपला 'व' बारीक होतो तो साधारण एक-दीडला आणि सात-साडेसातला. आरशातलं प्रतिबिंबच म्हणा. दोघांची हाडं एक, कल उलटा.

माझं म्हणणं इतकंच आहे, की एका पानावर मराठी आणि इंग्रजी शेजारी बसवायची असेल, तर इंग्रजीतलं लेखणीचं अक्षर मराठीजवळ नांदतं. बोदोनी शेजारी आणला की त्याचा ताठ कणा आणि केसाएवढ्या रेघा आपल्या भरदार शिरोरेषेपुढे हडकुळ्या दिसतात. बिनपायाचं अक्षर चालतं, पण शेजारची मराठीही तशीच सपाट लागते. आणि आज आपण ती सपाट मराठी इतकी वाचतो, की बोरूचं वळण अंगावर आलं तर 'जुनाट' म्हणतो.

परंपरेचं विचाराल तर मुंबईला जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना १८६९ मध्ये काढला. तिथल्या खिळ्यांत छापलेली संस्कृत पोथी आजही उघडून बघा. टीकेचा बारीक टाइपसुद्धा डोळ्याला त्रास देत नाही. मराठी मुलखातल्या कित्येक पिढ्या ते वळण बघून वाचायला शिकल्या. ते आमचं गारामाँ. सुलेखनकार र. कृ. जोशींसारख्या माणसाने संगणकाच्या काळात मंगल हा फॉन्ट केला तो पडद्यासाठी, तेव्हाच्या भरड पडद्यावर काना-मात्रा सुट्या कळाव्यात म्हणून. त्यात तो उत्तम. लोक त्यातच दोनशे पानांच्या कादंबऱ्या छापतात, त्याला जोशी काय करणार?

आज हाताशी असलेल्यांत मला 'तिरो देवनागरी मराठी' बरा वाटतो. फुकट आहे, 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे देतो, आणि सोबतची इंग्रजी अक्षरं पायवाली, लेखणीशी नातं सांगणारी आहेत. फोंड्याच्या वाचकांनीही हे वाचावं. दोन फॉन्टांचं जमवत बसण्यापेक्षा एकाच घरातली भावंडं घेतलेली पुष्कळदा सोयीची.

प्रश्न (पेडणे) : आजोबांचा छापखाना होता. माळ्यावर इंग्रजी खिळ्यांच्या दोन केसी सापडल्या, जड आहेत. भंगारवाला किलोवर घ्यायला तयार आहे. द्याव्यात का? ही तुमची ओल्ड स्टाइल असू शकेल का?

उत्तर : थांबा, देऊ नका. आणि उघड्या हातांनी उपसत बसू नका. खिळ्यात शिसं, अँटिमनी आणि कथील असतं. वर पांढरट पावडर धरली असेल तर ती फुंकू तर मुळीच नका. हातमोजे घाला, ओल्या फडक्याने पुसा, पोरांना लांब ठेवा, काम झालं की साबणाने हात धुवा. आम्ही त्याच हातांनी भजी-पाव खायचो, पण आमचं ऐकू नका.

आता ओळख. खिळा सुमारे सव्वादोन सेंटिमीटर उंच असेल. अंगावर एका बाजूला खाच दिसेल. ती अंगठ्याला लागली की जुळाऱ्याला न बघता कळायचं, खिळा सुलटा आहे. अक्षर उलटं दिसतं, म्हणून ते तसं वाचू नका. स्टँप पॅडवर टेकवा आणि कागदावर उमटवा. मग भिंग. स्मॉल 'ओ' अकरा-पाचला बारीक आहे की बारा-सहाला? 'ई'ची रेघ तिरपी आहे का? तीनचा आकडा ओळीखाली उतरतो का? खिळा काढताना ज्या घरातून काढला त्याच घरात परत टाका, कारण आजोबांची मांडणी एकदा मोडली की दोन केसी खिळे पुन्हा लावायला मला आता महिना लागेल, तुम्हाला वर्ष.

नाहीतर असं करा. स्मॉल 'ओ', स्मॉल 'ई' आणि तीनचा आकडा असे तीन खिळे जाड कागदात गुंडाळून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. भंगारवाल्याला म्हणावं, चवथीनंतर ये.